तीनदा दुसरे, चौथ्यांदा काय? आर्सेनल आणि २०२५-२६चा हंगाम

तोफची

शुक्रवारी (१५ ऑगस्ट २०२५) लिव्हरपूल-बोर्नमथने इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू होतेय आणि रविवारी आम्हा आर्सेनलवाल्यांची स्वारी थेट मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. ऑगस्ट आला की मी स्वतःला बजावतो, यंदा आशा लावून बसायचं नाही. आणि दरवर्षी पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री झोप लागत नाही ती नाहीच.

गेल्या हंगामातली एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. लिव्हरपूल ३८ सामन्यांत ४ हरलं. आर्सेनलसुद्धा ४च हरलं. तरी त्यांचे ८४ गुण आणि आमचे ७४. सगळी गोम बरोबरीत आहे: त्यांच्या ९, आमच्या १४. गोल सगळ्यांत कमी आम्ही खाल्ले, ३४. पण केले ६९, आणि त्यांनी ८६. लीगमध्ये आमच्याकडून सर्वांत जास्त गोल कोणाचे? हावर्ट्झचे, अवघे ९. तोही फेब्रुवारीत हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरून बसला. हेसूसचा गुडघा त्याआधीच गेलेला. मग मेरिनोला, म्हणजे अस्सल मिडफिल्डरला, पुढे उभं केलं. लेस्टरविरुद्ध त्याने बाकावरून येऊन दोन गोल ठोकले हे खरं, पण ती तहान लागल्यावर खणलेली विहीर. नशिबाने दोन हंडे पाणी लागलं, इतकंच.

आता स्ट्रायकर ग्योकेरेस आलाय. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून गेल्या मोसमात लीगचे ३९ गोल. १४ नंबर दिलाय, आमच्या जुन्या गोलवीर ऑन्रीचा.

तर प्रश्न असा: एका खऱ्या स्ट्रायकरने त्या १४ पैकी निम्म्या बरोबऱ्या तरी सुटतील का? की रोग दुसराच आहे? जाता जाता आपापले पहिले चार आणि बुडणारे (खालच्या लीगमध्ये जाणारे) तीन लिहून ठेवा. मे महिन्यात धागा वर काढीन.

बाकड्यावरून

धागा पहिल्या बरोबरीपर्यंत जगेल. (हलके घ्या.)

अ‍ॅनफिल्डकर

तोफची, "दोघंही ४च हरले" हे वाक्य गेले तीन महिने प्रत्येक आर्सेनलवाला तोंडावर फेकतो, म्हणून एकदाचं सांगून टाकतो. आम्ही लिव्हरपूलवाल्यांनी विजेतेपद २७ एप्रिललाच खिशात घातलं, स्पर्सला ५-१ धुऊन, ४ सामने शिल्लक असताना. त्यानंतर चेल्सीकडून हरलो आणि ब्रायटनकडून हरलो. म्हणजे आमच्या चारातले दोन पराभव सुट्टी लागल्यानंतरचे. शाळा सुटल्यावर घेतलेल्या परीक्षेचे मार्क धरू नका.

बाकी स्ट्रायकरबद्दल सहमत. फक्त आमच्याकडेही 'खरा' स्ट्रायकर कुठे होता? सलाहचे २९ गोल आणि १८ असिस्ट, आणि तो खेळतो उजव्या बगलेवर. गोल कुठून येतात याला महत्त्व नाही, यायला हवेत.

आकडेमोड

तोफची, रोग दुसराच आहे. काल रात्री बसून १४च्या १४ बरोबऱ्या काढल्या.

त्यातल्या ९ सामन्यांत आर्सेनल कधी ना कधी पुढे होतं. घरी ब्रायटन, लिव्हरपूल, व्हिला, ब्रेंटफर्ड आणि पॅलेस. बाहेर मँचेस्टर सिटी, चेल्सी, ब्रायटन आणि एव्हर्टन. व्हिलाविरुद्ध तर २-० होतं! यात घरच्या मैदानावर बोर्नमथविरुद्ध १-० वरून १-२ झालेला सामना मिळवा. नऊ दुणे अठरा आणि हे तीन: २१ गुण आघाडी हातात असताना सांडले. विजेतेपद हुकलं १० गुणांनी.

'गोल होत नाहीत' ही तक्रार खरी ठरते ती घरच्या एव्हर्टन सामन्यात आणि फॉरेस्टकडे, दोन्ही ०-०. बाकी ठिकाणी गोल झालाच होता. सांभाळता आला नाही.

शिवाय लाल कार्डं. ब्रायटनविरुद्ध राइस, चेंडू जरासा पायाने सरकवला म्हणून दुसरं पिवळं. सिटीकडे ट्रोसार, तोच प्रकार. मग सगळा दुसरा हाफ दहा जणांनी भिंत बांधून काढला आणि ९८व्या मिनिटाला स्टोन्सने पाडली. आणि बोर्नमथकडे सालिबा. या तिन्हींत ग्योकेरेस काय करणार होता?

जाळीवाला

आकडेमोड, _/\_

नोकरी सांभाळून हे करता?

तोफची

आकडेमोड, पॅलेसचा सामना आठवला आणि पोटात खड्डा पडला. २-१ पुढे. ८३वं मिनिट. सालिबाचा पास आखडला, माटेटाने मान वर करून पाहिलं की आमचा गोली राया पुढे आलाय, आणि लांबूनच चेंडू अलगद उचलला. तो चेंडू जाळीत जाईपर्यंत मी घोटभर चहा घेतला असेल, इतका सावकाश गेला. त्याच गोलने लिव्हरपूलला उरलेल्या सामन्यांतून फक्त एक गुण पुरेसा झाला.

पण तुमच्याच आकड्यांतून मी उलटा निष्कर्ष काढतो. ९ वेळा पुढे होतो म्हणता, मग दुसरा किंवा तिसरा गोल का झाला नाही? १-० वर सामना उघडा असतो. समोरचा पुढे येतो, मागे मैदान मोकळं पडतं, आणि तिथे धावणारा कोणी नव्हता. हावर्ट्झ चेंडू धरतो, पण अर्ध्या मैदानातून बचावपटूला खांद्याने बाजूला सारत पळत नाही. ग्योकेरेसचा सगळा धंदाच तो आहे.

जुनाट_सैतान

आम्ही युनायटेडवाले १५वे आलो, ४२ गुणांत. १९७४ मध्ये खालच्या डिव्हिजनला गेलो होतो, त्यानंतरचा सगळ्यात वाईट हंगाम. तेव्हा या धाग्यावर मी अर्थतज्ज्ञांच्या सभेत शिरलेल्या कर्जबाजाऱ्यासारखा आलोय, सांभाळून घ्या.

दोन गोष्टी. एक, ग्योकेरेसला स्पोर्टिंगमध्ये गोलमशीन बनवणारा माणूस रविवारी तुमच्या विरुद्ध डगआउटमध्ये उभा असेल. आमच्या प्रशिक्षक आमोरिमला त्याची प्रत्येक खोड ठाऊक आहे. दोन, आम्ही कुन्या, म्ब्युमो आणि शेश्को आणलेत. गेल्या वर्षी ४४ गोल केले होते हो, अख्ख्या हंगामात! लाज वाटायची.

आणि हे अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅकटॉमिने. "हा आपल्या दर्जाचा नाही" म्हणून आपणच, मीही त्यात आलो, नापोलीला पोचवला. तिथे गडी लीग जिंकला आणि वर सेरी आचा सर्वोत्तम खेळाडू झाला. कोपऱ्यात पडलेलं भांडं भंगारात द्यावं आणि शेजाऱ्याच्या देवघरात ते चांदीचं निघावं, तशी गत.

बाकड्यावरून

भांड्याचा दोष नसतो, घासणाऱ्याचा असतो.

डावखुरी

पोर्तुगालमधल्या गोलांवर इतका विश्वास? दार्विन नुन्येझ. बेनफिकाकडून लीगचे २६ गोल करून आला होता. तीन वर्षं लिव्हरपूलमध्ये पळाला, घाम गाळला, पोस्टला चेंडू मारले आणि परवा अल-हिलालला गेला. तिथे स्पोर्टिंग, बेनफिका आणि पोर्तो सोडले तर समोरचे बहुतेक संघ आपल्या पेटीत (गोलसमोरच्या चौकटीत) दाटीवाटीने बसतात किंवा सरळ फाटतात. इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डसुद्धा तुम्हाला चावते.

आणि 'आर्सेनल कधी जिंकणार' असं सगळेच विचारताय म्हणून आठवण करून देते: आर्सेनलने मे महिन्यात लिस्बनला बार्सिलोनाला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली आहे. ब्लॅकस्टेनियसचा गोल. महिला संघ धरत नाही का आपण?

तोफची

धरतो, धरतो. तो सामना मी पाहिला होता, शप्पथ. नंतर युरोच्या फायनलला स्पेनविरुद्ध क्लोई केलीने पेनल्टी मारली तेव्हाही "आमची पोरगी" म्हणून ओरडलो होतो.

डावखुरी

मग शीर्षकात 'पुरुष संघ' लिहा. :)

अ‍ॅनफिल्डकर

डावखुरी, दार्विनला नावं ठेवायची नाहीत. गोल चुकवायचा, पण मनापासून चुकवायचा.

पोर्तुगालचंच काढलंत तर लुइस दियास पोर्तोतून आला आणि चमकला (आता बायर्नला गेला). ब्रुनो फर्नांडिस स्पोर्टिंगमधूनच आला आणि गेली पाच वर्षं एकटा त्या लाल भुतांचं घर चालवतोय. त्यामुळे लीगवरून माणूस ठरत नाही.

झाकलेलं_कोंबडं

सतराव्या क्रमांकावरून स्पर्सवाल्याचा नमस्कार. २२ सामने हरलो. पण काचेच्या कपाटात युरोपा लीग आहे. तोफचीराव, तुमच्या पुरुष संघाचा शेवटचा मोठा चषक कोणता? २०२०चा एफए कप ना? मग उत्तर लंडनमध्ये आवाज जरा खाली.

आमचा प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू म्हणाला होता की दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो. सगळे हसले. बिल्बाओत जिंकून दाखवलं, आणि १६ दिवसांत त्याला नारळ. १७ वर्षांनी चषक आणणाऱ्या माणसाला! डोक्याने पटतं, ३८ गुणांत कोणी किती सांभाळून घ्यायचं. मनाने नाही पटत. आणि परवा आमचा कॅप्टन सोन क्लब सोडून गेला. दहा वर्षं. चषक उचलून गेला एवढंच समाधान.

नवा प्रशिक्षक थॉमस फ्रँक चांगला वाटतो. उद्या पीएसजीशी सुपर कप आहे, ज्यांनी इंटरला फायनलमध्ये पाच मारले. आमच्यासाठी प्रार्थना करा.

जुनाट_सैतान

बिल्बाओला त्या रात्री हरलो ते आम्हीच. विषय निघाल्याने मी पाणी प्यायला जातोय.

आकडेमोड

नाव काय शोभतंय: कोंबडं झाकलं तरी उजाडलंच शेवटी.

गरुडभरारी

रविवारचा कम्युनिटी शील्ड (लीगविजेता विरुद्ध एफए कप विजेता) कोणीच काढत नाही? चॅम्पियन लिव्हरपूल, नवेकोरे एकितिके आणि फ्रिम्पाँग दोघेही गोल करतात, दोनदा पुढे जातात, आणि दोनदा आम्ही पॅलेसवाले बरोबरी साधतो. मग पेनल्टी. सलाहने वर मारली, मॅक अ‍ॅलिस्टर आणि एलियटची आमच्या गोली हेंडरसनने अडवली. मे महिन्यात याच वेम्बलीवर याच हेंडरसनने सिटीच्या मार्मूशची पेनल्टी अडवली होती आणि एझेच्या एका गोलवर आम्ही एफए कप घेऊन घरी आलो. शतकाहून जुना क्लब, पहिला मोठा चषक.

आणि बक्षीस काय मिळालं? युरोपा लीगमधून काढून कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. का, तर आमच्या एका भागधारकाची लिऑनमध्येही मालकी, एका स्पर्धेत दोन्ही नको. त्याने हिस्सा विकला तरी तारीख उलटून गेली होती म्हणे. काल क्रीडा लवादानेही अपील फेटाळलं. कागद चुकला ऑफिसात, शिक्षा मैदानावरच्या पोरांना.

ता.क. एझेवर दोन्ही उत्तर लंडनवाल्यांनी डोळा ठेवू नये.

निळी_शाई

गरुड, एफए कपचं ते लागलं बरं का अजून.

गंमत वाटते, धागा अर्धा झाला तरी सिटीचं नाव फक्त इतरांच्या जखमांत येतंय. २०२१ ते २०२४ लागोपाठ चार लीग जिंकलेला संघ गेल्या वर्षी तिसरा आला तर लगेच श्राद्ध घातलं? रॉड्री सप्टेंबरात गुडघा मोडून बसला आणि सगळी इमारत वाकडी झाली. आता तो परत उभा राहतोय. राइंडर्स आलाय, शेर्की आलाय. दे ब्राउने गेला, त्याची जागा भरणार नाही, ते मान्य.

आर्सेनलबद्दल खरं सांगतो, आम्हाला तुमची भीती २०२३-२४ मध्ये वाटली होती. ९१ विरुद्ध ८९. त्या वर्षी तुमचं काहीच चुकलं नव्हतं. २०२२-२३ मध्ये २४८ दिवस वर बसून शेवटी उतरलात, ती वेगळी गोष्ट. त्यामुळे 'तीनदा दुसरे' हे एकच दुखणं नाही, तिन्ही वेगवेगळी आहेत.

बाकड्यावरून

निळी शाई, ते सिटीवरच्या ११५ नियमभंगांच्या आरोपांचं काय झालं?

निळी_शाई

आलात मूळ पदावर. निकाल लागला की सांगतो.

काळी_मांजर

मी सहसा वाचनमात्र असतो, पण बुडणारे तीन विचारलेत म्हणून आलो. सगळे डोळे झाकून लीड्स, बर्नली आणि संडरलँड लिहिणार, ठाऊक आहे. गेली दोन वर्षं वर आलेले तिन्ही संघ सरळ खाली गेले. साउथॅम्प्टनचे तर १२ गुण, डर्बीच्या ११ च्या नीचांकाच्या एकच वर.

तरी ऐका. २०१७ ला आम्ही संडरलँडवाले लीगच्या तळाशी बुडालो. पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली. तिसऱ्या पातळीवर चार हंगाम काढले. त्या काळात माझ्या ओळखीतले लोक "कोणता संघ?" विचारायचे आणि मी विषय बदलायचो.

यंदा वर चढायचं प्लेऑफ. सेमीफायनलला कॉव्हेंट्रीविरुद्ध १२२व्या मिनिटाला बॅलर्डचं हेडर, पेनल्टी तोंडाशी आलेली असताना. मग वेम्बली, शेफिल्ड युनायटेड. पहिला गोल त्यांचा. दुसरा पण त्यांचाच, तो व्हीएआरने (व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी) काढला. तिथून मायेन्दाने बरोबरी केली. घरात सगळी झोपलेली, आवाज बंद, खोलीत अंधार. ९५व्या मिनिटाला टॉम वॉटसनने चेंडू पळवला, पेटीच्या कडेवरून खालच्या कोपऱ्यात सरकवला. मी उशी तोंडात कोंबून ओरडलो. अक्षरशः. सकाळी उशीच्या अभ्र्यावर दातांच्या खुणा होत्या. आणि तो वॉटसन तेव्हाच ब्रायटनला जाणार म्हणून ठरलेला होता. त्याचा आमच्याकडचा शेवटचा सामना. घराचा हप्ता भरून निघून गेला पोरगा.

आता जाका आलाय. हो, तोफची, तुमचाच. कॅप्टनची पट्टी फेकून मैदानाबाहेर गेला होता तो. लेव्हरकुसेनमध्ये जर्मनीची लीग न हरता जिंकून आलाय. मी १७वे लिहितो. मला तेवढंच पुरे.

अ‍ॅनफिल्डकर

काळी मांजर, प्रतिसाद फार आवडला. १७वे नाही, १४वे.

डावखुरी

+१. उशीचा फोटो टाका.

जाळीवाला

विषय बदलतो, गोलीबंधूंचं दुःख मांडायला. यंदा नवा नियम: गोलरक्षकाने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर. आधी ६ सेकंद होते आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, म्हणून कोणी पंच शिट्टीच वाजवायचा नाही. आता शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांवर मोजणार.

मी आमच्या हौशी संघाचा गोली. १-० पुढे असताना चेंडू पोटाशी घेऊन लोळायचं, बुटाची नाडी बांधायची, मग दुसऱ्या बुटाची, ही कला मी वीस वर्षं घासून आणली. गेल्या आठवड्यात सरावाला एकाने मुद्दाम मोजलं: १९ सेकंद. म्हणजे मी दर वेळी दोन कॉर्नर देतोय.

आकडेमोड

जाळीवाला, ही थट्टा नाही, मूळ प्रश्नाशी संबंध आहे. आघाडी सांभाळणारे संघ वेळ खाऊनच सांभाळतात. तो मार्ग अरुंद झाला. उलट कॉर्नर म्हणजे आर्सेनलला मेजवानी. तो आर्सेनलचा कॉर्नर-फ्री किकचा प्रशिक्षक झोव्हेर साइडलाइनला येऊन हातवारे करायला लागला आणि गाब्रिएल मागच्या खांबाकडे सरकला की समोरच्या गोलीचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बाकड्यावरून

एक शंका. ग्योकेरेस की योकेरेश?

डावखुरी

'ग' उच्चारत नाहीत.

जुनाट_सैतान

रविवारी आमच्या बचावपटू मॅग्वायरच्या खिशात बसल्यावर त्यालाच विचारून सांगतो.

अ‍ॅनफिल्डकर

माझे पहिले चार: लिव्हरपूल, आर्सेनल, सिटी, चेल्सी. चेल्सीने क्लब वर्ल्ड कपला पीएसजीला ३-० केलं, पामरचे दोन, पण उन्हाळाभर खेळून पाय जड होतील. न्यूकॅसलचं त्यांच्या स्ट्रायकर इसाकवर ठरेल. ७० वर्षांनी देशातला चषक आणला, तोही आम्हाला हरवून, आणि २३ गोल करणारा आता वेगळा सराव करत बसलाय. आम्हालाच हवाय तो, म्हणून जास्त बोलत नाही.

आमच्याबद्दल एवढंच की शुक्रवारचा सामना कसा बघायचा कळत नाहीये. व्हिर्ट्झ बघायचाय, ट्रेंटशिवाय उजवी बाजू कशी चालते ते बघायचंय, आणि २० नंबर दिसणार नाही. जोटा गाडीच्या अपघातात गेला तेव्हा लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. अ‍ॅनफिल्डवर विसाव्या मिनिटाला टाळ्या सुरू होतील तेव्हा गुणतक्ता वगैरे काही डोक्यात नसेल.

झाकलेलं_कोंबडं

त्या मिनिटाला आम्हीही उभे.

तोफची

मीही.

बरं, मूळ प्रश्नावर येतो. आकडेमोडांची यादी मी पुन्हा चाळली आणि थोडा नरम पडलोय. नऊ आघाड्यांतली एक तरी फक्त दमल्यामुळे गेली का, हे बघत होतो. व्हिलाच्या सामन्यात २-० नंतर बाकावरून उतरवायला कोण होतं? साका डिसेंबरपासून जायबंदी, हेसूस गेलेला. मैदानावरच्या अकरांना कोणी सोडवायला येत नव्हतं. मग मला वाटतं खरी खरेदी ग्योकेरेस नसून मादुएके आणि नॉरगार्ड आहे, ज्यांच्या नावाने आम्हीच नाकं मुरडली. सुबिमेंडी आल्याने राइसही शेवटच्या वीस मिनिटांत मागे अडकणार नाही.

आकडेमोड

आता बोललात. माझ्या मते १४ च्या ९ होतील, आणि त्याला कारण बाकडं असेल.

बाकड्यावरून

कोणीतरी माझं महत्त्व ओळखलं.

तोफची

माझे चार: आर्सेनल, लिव्हरपूल, सिटी, चेल्सी. बुडणारे: बर्नली, लीड्स आणि (काळी मांजर, तुमच्यामुळे नाव बदललं) वुल्व्ह्‌ज, कुन्या गेल्यामुळे.

रविवारी १-०, कॉर्नरवरून.

जुनाट_सैतान

म्हणजे स्ट्रायकर आणूनही कॉर्नरवरूनच?

तोफची

सवय जात नाही हो.